ज्याले भेव नाई, तो खाली

अजूनही कोणाच्या नव्या घरी वास्तूचं जेवण असलं, की पाटावर बसायच्या आधी माही मान वर जाते. घरधनीण म्हणते, "बस ना वं माय, उभी काहून?" अन् मी आपली छताकडे पाहून राहिली असते. छताची लाकडी कडी कुठी टेकली, चुना कुठी फुगला, भेग कोणत्या अंगानं चालली. मंग पाट उचलून मी दाराच्या चौकटीत नेते अन् तिथी जेवते. येणारे-जाणारे अडखळतात, सुना तोंडाले पदर लावून हासतात. हासा बाप्पा! हे खूळ माहं नाई, करीम उस्तादचं हाये. तो गेला अन् खूळ माह्यापाशी ठेवून गेला.

उस्ताद आमच्या टोळीचा म्होरक्या. आमची टोळी घराच्या आतल्या कामाची: भिंतीले गिलावा, छताले चुना. बाहेरचं दगड-विटांचं काम गवंड्यांचं, ते उरकून गेले की आमी आत शिरत असो. मूठभर गडी, दोन-तीन बाया अन् एक बैल. बैल चुन्याच्या घाणीले जुंपलेला. गोल चरातून दगडी चाक फिरे, त्याच्याखाली चुना, रेती अन् गुळाचं पाणी मळून लोण्यासारखं होये, अन् बैलाच्या मागं फावडं घेऊन मी. आमचे हे वर छताले चुना लावत. नवऱ्याचं नाव मी घेत नाई. उस्ताद घेत असे, तवा तुमाले कळंलच.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापल्याड अमरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, अन् इकडे आमच्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीले सोन्याची बोंडं आली. अमरावतीत काल ज्याच्या घरावर मातीचं धाबं होतं, तो आज साहेबाच्या बंगल्यासारखं छत मागे. वर कड्या दिसायले नको, काळं लाकूड दिसायले नको. कसं सपाट, पांढरं, दुधाच्या सायीसारखं पाहिजे! म्हणजे काय, तर कड्यायले खालून बांबूच्या कामट्या ठोकायच्या, अन् त्या कामट्यायले सणाचे, तागासारखे, धागे मिसळलेला चुना उलटा चिकटवायचा. उलटा! भिंतीचा चुना भिंतीले टेकते. छताचा चुना कायले टेकते, सांगा? अन् त्याच्याखाली माणसं जेवतात, झोपतात, लेकरं खेळवतात. उस्तादले हेच सहन होये नाई.

"छत वर राहायले तयार नसते, गिरजाबाई," तो मले म्हणे. "त्याले खालीच यायचं असते. आपण त्याले फक्त मनवतो, का बाबा, आज नको, उद्या ये."

बाकीच्या टोळ्यायचे म्होरके छाती काढून चालत, मिशीवर ताव देत, अन् आमचा हा असा. वाळल्या शेंगेसारखा माणूस. भुवया चुन्यानं पांढऱ्या झालेल्या, अन् मान कायम मागं, पाणी पेलेल्या कोंबडीसारखी. वर पाहत चालायचा म्हून उंबरठ्याले ठेच लागायची, पायाचा अंगठा कधी धड नसे. खोलीच्या मधात तो कधी बसला नाई. बसायचं तर दाराच्या चौकटीत. शेठनं बोलावलं, पान पुढं केलं, तरी हा चौकटीतूनच हात लांब करे. एका शेठले तो अपमान वाटला. "काहो उस्ताद, तुमीच बांधलेलं छत, अन् तुमीच खाली बसत नाई?" असं त्यानं विचारलं. उस्ताद म्हणे, "मीच बांधलं म्हून तर!"

आता त्याचा नेम सांगते. सकाळी गडी परांचीवर, म्हणजे बल्ल्या-फळ्या बांधून केलेल्या मचाणावर, चढायच्या आधी उस्ताद सगळ्यायले ओळीनं उभं करे अन् विचारे, "बोला, आज कोणाले कायचं भेव लागून राहिलं?"

भेव म्हणजे भीती. देवाचं नाव घ्यायच्या वक्ती हा भेवाचं नाव घ्यायले लावे. अन् ज्याले-त्याले सांगावंच लागे. एक म्हणे, दोरी झिजल्यासारखी वाटते. की दोरी बदलली. दुसरा म्हणे, काल ताप होता, हात कापून राहिला. की त्याले सावलीत बसवलं. अन् जो म्हणे मले कायचंच भेव नाई, त्याले उस्ताद परांचीले हात लावू देत नसे. "ज्याले भेव नाई, तो खाली."

दौलत नावाचा एक पहिलवान गडी नवा आला होता. त्यानं मांडीवर थाप मारली. "मी कोणाच्या बापाले भेत नाई, उस्ताद!"

"मंग खाली. बैल हाक."

दिवसभर तो पहिलवान माह्या बैलामागं शेपूट पिळत फिरला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट सांगतलं की वरून खाली पाह्यलं का त्याच्या पोटात ढवळते. उस्तादनं पाठीवर हात ठेवला अन् म्हणलं, "शाबास. चढ आता."

अन् आमच्या ह्यायनं काय करावं? एका सकाळी गंमत म्हून म्हणाले, "मले बायकोचं भेव लागते!" सारे गडी खो-खो हासले. माहं तोंड लाल झालं. हासला नाई तो एक उस्ताद.

"ते चालत नाई, काशिराम. छताचं सांग. नाईतर खाली."

बसले मंग दिवसभर खाली, माह्याजवळ, चुना चाळत. मी तरी कशाची सोडते! "काहो, एवढी भेवाची हावो काय मी? वाघीण हावो काय?" म्हून दिवसभर सोलून काढलं. त्याच्यानंतर ते रोज काहीतरी छताचंच भेव सांगत, पण सांगतांना एक डोळा माह्याकडे करून सांगत. मेला चावटपणा.

उस्तादची बायको अमिनाबी टोळीसंगच राहे. तिची चूल एकीकडे, आमची एकीकडे, पण गप्पा-गोठी दोन्ही चुलीच्या मधात. जाडजूड, हासरी बाई. नवऱ्याच्या भेवाची ती भर चौकात थट्टा करे. "आमच्या निकाहाच्या वक्ती हा माह्याकडे नाई, मांडवाकडे पाहून राहिला होता," म्हणे. तिची एक तांब्याची कलईची थाळी होती. ती थाळी उस्तादच्या कामाची. छत पुरं झालं की तो खोली रिकामी करे, थाळी मधात जमिनीवर उपडी ठेवे, अन् दारात उभा राहून ऐके. कोणी खोकलं तरी डोळे वटारे. कारण काय, तर छत पडायच्या आधी खडे टाकते. बारीक, मोहरीसारखे. डोळ्याले दिसत नाई, पण थाळीवर पडले की टिण करते.

"छत इमानदार असते," उस्ताद म्हणे. "खबर दिल्याशिवाय येत नाई. माणूसच ऐकत नाई."

असं वाटू देऊ नका बाप्पा की त्याचं भेव दर वेळी खरंच निघालं! अमरावतीत एका शेठच्या घरी आमचं छत नुकतंच झालं होतं, अन् त्याच दिवाणखान्यात लग्नाच्या पंगती बसल्या. उस्तादनं हट्टानं थाळी एका कोपऱ्यात ठेवलीच होती. भात वाढून झाला, वरण फिरून राहिलं, अन् थाळी वाजली. टिण. हा चौकटीतून ओरडला, "उठा! निघा! छत येऊन राहिलं!" मंग काय विचारता. नवरदेवाचं बाशिंग तुटलं, विहिणीचा पाय वरणाच्या घंघाळात, पंगतीच्या पंगती पत्रावळी तुडवत आंगणात. अन् छत? छत जागच्या जागी. कामट्यायच्या फटीतून एक उंदीर मुंडकं काढून आमच्याकडे पाहून राहिला होता.

शेठनं टोळीले हाकललं. गावानं उस्तादचं नावच पाडलं, भेवऱ्या उस्ताद. पोट्टे मागं लागत, "उस्ताद, आभाळ पडून राहिलं, पळा!" मलेही तवा त्याचा लय राग आला होता, खोटं काहून बोलू. अशा भित्र्या माणसाच्या हाताखाली आपला माणूस देल्ला, याची लाज वाटे. अमिनाबी तर पोट धरून हासत होती. उस्ताद मात्र थंड. "उंदीर होता हे खाली आल्यावर कळलं," म्हणे. "वर होता तवा कोणाले माहीत होतं?"

अमरावतीत नाव खराब झालं म्हून आमी अकोल्याले आलो. उस्तादचं घर अकोल्यातच, जुन्या वस्तीत. त्या घराचं छत त्यानं सोताच्या हातानं केलं होतं, कडी न् कडी ठोकून पाहून. अन् त्याच सालात पटकी आली. सकाळी अमिनाबी माह्याशी हासत बोलली, की पापडाचं पीठ मळून ठेव, दोघी मिळून लाटू. दुपारी तिले हगवण-उलटी लागली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी गेली तवा उस्ताद तिच्या उशाशी बसला होता, खोलीच्या मधात. डोळे कोरडे. "मी वरच पाहत राह्यलो, गिरजाबाई," तो म्हणाला. "जिंदगीभर वरच पाहत राह्यलो. अन् मौत दारातून आली."

तो रडला नाई. माती देऊन आला तवाही नाई. मी त्याले म्हणलंही, "उस्ताद, रडा, मन हलकं होईल." त्यानं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी कोणत्या परक्या मुलखाचं बोलून राहिली. अन् थोड्याच दिवसांत तो कामावर आला. मान सरळ. कामाचं बोलायले एका शेठकडे गेलो, तर उंबऱ्याले ठेच न लागता आत गेला, दिवाणखान्याच्या मधोमध मांडी घालून बसला अन् पान खाल्लं. वर एकदाही पाह्यलं नाई. ज्या माणसाच्या भेवाची आमाले लाज वाटे, त्याचं भेव गेलं तर आमाले भेव लागायले लागलं!

अन् काम तरी कसं मिळालं! अकोल्यातला एक शेठ. त्याची गोदामं कापसानं भरली होती, अन् भाव रोज चढून राहिला म्हून तो विकत नव्हता. अजून थोडा थांबतो, अजून थोडा. मंग गोठा भरला, ओसरी भरली, अन् शेवटी ज्या दिवाणखान्याचं छत आमाले करायचं होतं त्यातही त्यानं कापसाची बोचकी रचली, पार पुरुषाच्या उंचीच्या वर. परांचीले बल्ल्या मागतल्या तर म्हणे, बल्ल्या साऱ्या आगगाडीच्या कामावर गेल्या. "अन् परांची पाहिजेच कायले? कापसावर उभे राहा ना! पडले तरी गादीवर पडसान!"

अमरावतीतला उस्ताद असता तर तिथूनच माघारी फिरला असता. हा म्हणाला, "चढा."

विचारलं नाई. ओळीनं उभं केलं नाई. नुस्तं, चढा. पहिल्या दिवशी गड्यायले मजा वाटली. दौलतनं तर कापसावर कोलांटी मारली. पण काम करायले लागले तवा कळलं. पाय पोटरीपर्यंत आत जाये. एक पाय काढावा तर दुसरा रुते. डोक्यावर ओला चुना, पायाखाली काही नाई. अन् शेठले घाई. छताचा पहिला हात वाळला नव्हता तरी उस्ताद म्हणे, दुसरा द्या. चुना विझवून खड्ड्यात महिना-महिना मुरवायचा असते, नाईतर त्यात कच्चे खडे राह्यतात अन् मागून छतात बसून फुगतात. ते मले उस्तादनंच शिकवलं होतं. आता मी म्हणलं, "उस्ताद, हा चुना परवाच विझवला." तर म्हणे, "चालते."

त्या सांजेले जेवतांना आमचे हे भाकर कुस्करत बसले. घास तोंडात जाईना.

"काय झालं?" मी म्हणलं.

"उस्ताद विचारत नाई वं आजकाल. विचारे तवा सांगून टाकलं की मोकळं वाटे. आता भेव पोटातच राह्यते."

"मंग जाऊ नका उद्या."

"अन् बाकीचे? त्यायले सोडून देऊ?"

मी ताट उचलून ठेवलं. पण सकाळी गडी दिवाणखान्याच्या दारापाशी गोळा झाले, अन् उस्ताद सगळ्यायच्या पुढं चुना लावायची थापी घेऊन निघाला, तवा मी फावडं टाकलं. पदर खोचला अन् त्याच्या आडवी जाऊन उभी राह्यली. तोंड माहं कधी लटपटलं नाई.

"उस्ताद, आज तुमाले कायचं भेव लागून राहिलं?"

तो थांबला. "मले? आता कायचं भेव, गिरजाबाई? जे जायचं होतं ते गेलं."

"मंग खाली बसा."

"गप वं!" आमचे हे मागून ओरडले.

"गप काहून? नेम त्यायचाच हाये. दौलतले खाली बसवलं, तुमाले खाली बसवलं. उस्तादले काय येगळा नेम हाये? ज्याले भेव नाई, तो खाली!"

बैलानं शेपटी झाडली तेवढा आवाज. मले वाटलं आता हा मले हाकलून देते, नवऱ्यासगट. पण उस्तादनं हातातल्या थापीकडे पाह्यलं, अन् ती ह्यायच्या हातात देल्ली.

"खरं हाये. काशिराम, मधली जागा आज तुही."

हे मले सुचलंच नव्हतं. छताच्या मधात, जिथी चारी भिंती सगळ्यात दूर, जिथी छत पडलं तर आधी पडते, ती जागा म्होरक्याची असते. उस्तादले खाली ओढून मी माह्याच माणसाले त्या जागेवर चढवलं होतं! मी तोंड उघडलं, पण हे चढलेही होते.

उस्ताद घाणीजवळ येऊन बसला. मी बैल हाकलला, पण माहे डोळे दाराकडे. आत पांढरा कापूस, पांढरं छत अन् मधात माणसं. मंग उस्तादनं सहज, आपलं काही काम नसलं की माणूस माती चिवडते तसा, चरातल्या चुन्यात हात घातला. अन् झटक्यानं काढला.

"हा गरम काहून?"

"परवा विझवला म्हणलं ना. तुमीच म्हणलं, चालते."

"मी म्हणलं?"

तळहाताकडे पाहत राह्यला. मंग उठला. दिवाणखान्याच्या दारात, चौकटीखाली, आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राह्यला. अन् मी पाह्यलं, त्याची मान हळूहळू मागं जाऊन राहिली होती. मी धावत त्याच्या मागं गेली.

"काही ऐकू येते काय, गिरजाबाई?"

"नाई, उस्ताद. एकदम शांत हाये."

"शांतच राहणार. खाली कापूस हाये." त्याचा आवाज फाटला. "छत खडे टाकून राहिलं असंल अन् आपल्याले ऐकू नाई येऊन राहिलं! थाळी! थाळी कुठी हाये?"

थाळी अमिनाबीच्या घरी, चुलीपाशी पालथी. मी घाणीवरची माही पितळी परात उचलली, भाकरी जमिनीवर उपड्या केल्या अन् परात त्याच्या हातात कोंबली. त्यानं ती फेकली, कापसावर, मधात, ह्यायच्या पायापाशी. सारे गडी वळून पाहायले लागले. परात पडून राहिली. काही नाई. मी मनात म्हणलं, उंदीर असू दे, देवा, ह्याही वक्ती उंदीरच असू दे.

टिण.

मंग टिण, टिण. मंग सुपात ज्वारी पाखडावी तसा आवाज.

"उतरा रे! थापी फेका! उतरा!"

उतरतील कसे? पाय रुतलेले. दौलतनं एक पाय ओढला तर दुसरा मांडीपर्यंत गेला, अन् तो पहिलवान लेकरासारखा "माय वं! माय वं!" ओरडायले लागला. उस्ताद आत शिरला. बोचक्यायवर चढला अन् सोता पालथा पडला. "उभे राहू नका! आडवे व्हा! लोळत या, लोळत!" एकेक गडी कापसावरून गडगडत दाराशी आला, अन् मी हाताले धरून बाहेर ओढला. राह्यले कोण, तर आमचे हे. हे काय करून राहिले होते? दोन्ही हात वर करून रंधा, म्हणजे चुना सपाट करायची लाकडी फळी, छताले दाबून उभे! "मी धरतो, तुमी निघा!" म्हणत.

"छत धरता येते काय, बह्याडा!" उस्ताद पालथ्यानं ओरडला. "दाराकडे पाह्य! बायकोचं भेव नाई काय तुले!"

ह्यायनं दाराकडे पाह्यलं. मी दिसली. माहं तोंड कसं झालं होतं मले माहीत नाई, पण त्यायनं रंधा सोडला अन् अंग टाकून देल्लं.

छताले मधात पोट सुटलं, अन् ते फाटलं. तुमाले वाटंल मोठा धडाका झाला असंल. नाई. एवढं मोठं ओलं छत कामट्यायसगट खाली आलं, अन् आवाज झाला उशीवर डोकं टेकल्याएवढा. त्या आवाजाचं मले आजही भेव लागते. मंग धुराळा अन् मंग काहीच दिसेना. मी ओरडून राहिली होती, पण काय, ते मले आठवत नाई. धुराळ्यातून पहिले उस्तादची पाठ दिसली. तो मागं-मागं सरकत होता अन् ह्यायचे दोन्ही हात त्याच्या मुठीत होते. एक पाय चुन्याखाली दबला होता. दौलतनं अन् बाकीच्यायनं मिळून ओढला. घोटा मोडला होता. पण जीव होता, शिव्या देण्याएवढा जीव होता.

शेठ धावत आला तो "माहा कापूस, माहा कापूस" करत. त्यानं आमाले आंगणात उभं राहू देल्लं नाई. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली आमी ह्यायले निजवलं, अन् मी सगळ्यायले पाणी देल्लं. उस्तादच्या हातात गडवा देल्ला तर पाणी हिंदकळून सारं सदऱ्यावर. 

"भेव लागून राहिलं, गिरजाबाई," तो म्हणाला. "लय भेव लागून राहिलं."

अन् मंग तो रडला. भर रस्त्यावर, गुडघ्यात डोकं घालून, अमिनाबीचं नाव घेऊन. "अमिना, तू गेली वं, तू गेली," असं म्हणत, जशी ती आत्ताच गेली. येणारे-जाणारे थांबत. कोणीतरी विचारलंही, कोण मेलं. दौलत म्हणाला, "कोणी नाई मेलं. जा तुमी." मी त्याच्याजवळ बसून राह्यली. रडू देल्लं.

त्याच्यानंतर टोळी राह्यली नाई. ह्यायचा पाय वाकडा बसला, परांची सुटली. तिकडे अमरिकेतली लढाई सरली, कापसाचा भाव बसला, अन् छताचं वेड जसं आलं तसं गेलं. अकोल्यात कितीक दिवाणखाने अर्धेच राह्यले, वर नुस्त्या कामट्या. उस्ताद एकटा राहेना. खानदेशात त्याची बहीण होती, तिनं बोलावून घेतलं.

आगगाडी नवीनच सुरू झाली होती. आमी दोघं त्याले पोचवायले गेलो, हे काठी टेकत. उस्ताद डब्यापाशी आला अन् थांबला. मान मागं. काठीनं डब्याले ठोकलं, कान लावला. मंग दुसऱ्या बाजूनं ठोकलं. मागचे लोक खोळंबले, "चल रे बुढ्या!" म्हणायले लागले. "छत हाये," तो आमाले म्हणाला, "अन् हे छत पळते बी! या अल्ला!" शेवटी चढला. पण आत बाकावर जागा असतांना दारापाशीच बसला, गाठोडं मांडीवर घेऊन.

गाडीनं शिट्टी देल्ली. त्यानं वाकून ह्यायच्याकडे पाह्यलं, ओळीत उभं करून पाहे तसं.

"काशिराम, बोल. आज कायचं भेव?"

ह्यायनं माह्याकडे एक डोळा केला. "बायकोचं, उस्ताद."

ह्याही वक्ती तो हासला नाई. थोडा वेळ माह्याकडे पाहत राह्यला अन् म्हणाला, "चालते. ते चालते."

गाडी हालली. पुन्हा तो आमाले कधी दिसला नाई. दिसला तो तेवढाच. दारापाशी बसलेला, मान मागं, नजर डब्याच्या छताले, अन् गाठोड्यातून काढून मांडीवर उपडी ठेवलेली अमिनाबीची थाळी.